मंदीत आयटीचं काँट्रॅक्ट काम कसं शोधायचं: ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या फ्रीलान्सरांसाठी

नोकरी गेली की पहिल्या आठवड्यात जवळपास प्रत्येक जण एकच करतो. रेझ्युमे अपडेट करतो, जॉब पोर्टलवर टाकतो आणि दिवसाला तीस-चाळीस ठिकाणी अर्ज करत सुटतो. जून २०२० मध्ये मीही तेच केलं. ऐरोलीच्या घरात ओट्याशेजारी लॅपटॉप मांडून सहा आठवडे अर्ज केले. उत्तरं बोटांवर मोजण्याइतकी आली, आणि तीही ‘सध्या भरती बंद आहे’ अशी. माझं पहिलं काँट्रॅक्ट मिळालं ते रबाळे एमआयडीसीतल्या एका गाळ्यातून. त्या मालकाने आयुष्यात कुठल्या पोर्टलवर जाहिरात दिलेली नव्हती.

तेव्हापासून मी काँट्रॅक्टवरच काम करते आहे. अलीकडे ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या नोकऱ्या गेल्या, काहींच्या तर घराचे हप्ते नुकते सुरू झालेले असताना. त्यांना फोनवर जे सांगते तेच इथे नीट लिहून काढते, कारण फोनवर निम्मं राहून जातं.

आधी एक गोष्ट समजून घ्या. मंदीत कंपन्या भरती थांबवतात, पण चालू सिस्टिम बंद करत नाहीत. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं तेव्हा सगळीकडे त्याचीच चर्चा होती. अशी कपात कुठेही झाली की उरलेल्या टीमवर काम मात्र तेवढंच राहतं. मॅनेजरला नवी जागा मंजूर होत नाही, कारण कायमचा माणूस म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांचा खर्च. तीन महिन्यांचं काँट्रॅक्ट वेगळ्या खात्यातून निघतं, ते पुष्कळदा मंजूर होतं. आणि ज्यांच्याकडे आयटीचा माणूस कधी नव्हताच, अशा शेकडो छोट्या युनिटांचं अडलेलं काम चांगल्या काळातही अडलेलंच असतं. म्हणून ‘जागा’ शोधू नका, ‘अडलेलं काम’ शोधा. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

पहिल्या आठवड्यात: घर आणि जुनी कंपनी

काम शोधायला निघण्याआधी हाताशी किती महिने आहेत ते कागदावर मांडा. हप्ता किंवा भाडं, शाळेची फी, किराणा, आईवडिलांची औषधं, सगळं. हा आकडा घरात सगळ्यांना माहीत असू द्या. तो लपवणारे पुढे घाईने पडेल त्या रेटला काम घेतात, असं मी पाहिलं आहे.

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम साधारणपणे नोकरीबरोबर संपतो. शेवटच्या दिवसाची वाट न पाहता त्याच विमा कंपनीला विचारा की ही पॉलिसी वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळेल का. तशी मिळाली तर जुन्या आजारांना विमा लागू होण्याआधीचा प्रतीक्षा काळ, जो आधीच झाला आहे, तो बहुधा धरला जातो, आणि घरात मधुमेहाचं माणूस असेल तर त्याचा फार उपयोग होतो.

रिलिव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र आणि पगारातून कापलेल्या कराचा दाखला (ज्याला आपण फॉर्म १६ म्हणत आलो तो) मागून घ्या. नेमणुकीचं पत्र पुन्हा वाचा. ‘नोकरी सोडल्यावर अमुक वर्षं याच क्षेत्रात काम करायचं नाही’ हे कलम दिसलं की लोक घाबरतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार नोकरी संपल्यानंतर धंदा-व्यवसाय करण्यावर घातलेली अशी बंदी सर्वसाधारणपणे टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र टिकते. जुन्या कंपनीचा कोड, क्लायंटचा डेटा, अगदी एखादी एक्सेलसुद्धा पेनड्राइव्हवर घेऊन बाहेर पडू नका. आणि अजून नोकरीत असाल तर बाहेरचं काम करायची परवानगी आहे का ते आधी पाहा. नोकरी चालू असताना लागू असलेली बंदी ही वेगळी गोष्ट आहे.

तुम्ही काय दुरुस्त करता, ते एका वाक्यात सांगा

‘मी फुल स्टॅक डेव्हलपर आहे, आठ वर्षांचा अनुभव’ हे वाक्य नोकरीच्या बाजारातलं आहे. गाळ्याच्या मालकाला किंवा दमलेल्या प्रोजेक्ट मॅनेजरला त्यातून काहीच कळत नाही. त्याला स्वतःची अडचण तुमच्या तोंडून ऐकू आली पाहिजे. माझं वाक्य असं होतं: ‘तुमच्याकडे एकच आकडा तीन ठिकाणी टाइप होत असेल, तर तो एकदाच टाइप करून तिन्हीकडे जाईल असं करून देते.’

मंदीतही पैसे सुटतात अशी कामं मला तीन तऱ्हेची दिसली आहेत. पहिली, कायद्याने करावीच लागणारी. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्या व्यवसायांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, बंधनकारक झालं. १ एप्रिल २०२५ पासून दहा कोटी आणि त्यावरच्यांना इन्व्हॉइस तीस दिवसांच्या आत पोर्टलवर नोंदवावं लागतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी कधी काय बदललं याची नोंद राहणं १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचं आहे. जुनं, कोणीतरी व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहून दिलेलं बिलिंग सॉफ्टवेअर अजून कितीतरी ठिकाणी चालू आहे, आणि यातलं काहीच त्याला जमत नाही.

दुसरी, पैसे वाचवणारी. क्लाउडचं महिन्याचं बिल हा मंदीत प्रत्येक कंपनीच्या डोळ्यात खुपणारा आकडा असतो. कोणी न वापरणारे सर्व्हर चालू आहेत, टेस्टिंगची मशीन रात्रंदिवस आणि शनिवार-रविवारीही चालू आहेत, जुने बॅकअप महागड्या स्टोरेजवर पडून आहेत. हे शोधून देणाऱ्याला काम मिळवायला फार बोलावं लागत नाही. तिसरी, बंद पडली की धंदा थांबेल अशी: बॅकअप, सर्व्हरची देखभाल, सुरक्षितता. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वागळे इस्टेटपासून तळोज्यापर्यंत किती ऑफिसांत ती मशीन अजून चालू आहेत ते एकदा डोळे उघडे ठेवून बघा.

नवं अॅप, नवी वेबसाइट, ‘आमच्यासाठी एआयचं काहीतरी करा’ ही कामंही येतात, पण मंदीत सगळ्यात आधी तीच रद्द होतात. पहिल्या वर्षी त्यांच्या भरवशावर राहू नका.

काम कुठे आहे

पहिला दरवाजा म्हणजे तुम्हाला काम करताना पाहिलेली माणसं. जुने मॅनेजर, टीममधून दुसरीकडे गेलेले, क्लायंटच्या बाजूचे लोक. अशा पन्नास जणांची यादी काढा आणि प्रत्येकाला वेगळा निरोप लिहा. ग्रुपवर टाकलेल्या पोस्टला लोक हात जोडल्याचे इमोजी देतात आणि विसरतात. मी पाठवलेला निरोप असा होता:

‘सर, नमस्कार. या महिन्यापासून मी काँट्रॅक्टवर कामं घेते आहे. डेटाबेसमधले संथ रिपोर्ट दुरुस्त करणं आणि जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये हलवणं, ही दोन कामं मुख्य. तुमच्याकडे किंवा ओळखीत असं काही अडलेलं असेल तर कळवा. दोन तास बसून काय करावं लागेल ते पाहून देईन, त्या पाहणीचे पैसे नाहीत.’

यात नोकरी मागितलेली नाही. नोकरी मागितली की समोरच्याला ‘सध्या काही नाही’ म्हणावं लागतं, आणि त्याला अवघडल्यासारखं होतं. अडलेल्या कामाबद्दल विचारलं की तो आठवायला लागतो. मी असे एकेचाळीस निरोप पाठवले. नऊ जणांनी फोन केला आणि दोन कामं मिळाली, त्यातलं एक चार महिन्यांनी.

दुसरा दरवाजा आपल्या पट्ट्याचा. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने जाताना ऐरोलीतल्या माइंडस्पेसच्या काचेच्या इमारती दिसतात आणि आपण समजतो, आयटीचं काम तिथेच. त्याच रस्त्यावर दिघ्यापासून रबाळे, महापे, तुर्भ्यापर्यंत एमआयडीसीचे गाळे आहेत, ठाण्यात वागळे इस्टेट आहे, पलीकडे डोंबिवली आणि तळोजा. वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा, भाजीपाला, फळ, धान्य आणि मसाला असे पाच बाजार आहेत. न्हावा-शेवा बंदरामुळे वाशी-बेलापुरात क्लिअरिंग एजंट आणि फ्रेट फॉरवर्डरांची ऑफिसं आहेत. त्यांची माणसं दिवसभर आइसगेटवरून, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवरून, एक आकडा उचलून एक्सेलमध्ये आणि एक्सेलमधून बिलात टाकत असतात.

रबाळ्याच्या त्या गाळ्यात पॅकिंगचे खोके बनायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. डिस्पॅचचे काका एका लांब रजिस्टरवर वाकून बसले होते. दिवसभराची चलानं त्यांनी हाताने रजिस्टरमध्ये उतरवली होती आणि आता तीच कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये टाकत होते. ओळ चुकू नये म्हणून रजिस्टरवर एक स्टीलची पट्टी ठेवलेली. एक ओळ टाइप झाली की पट्टी खाली सरकवायची. दुसऱ्या दिवशी अकाउंटच्या मॅडम तीच एक्सेल समोर ठेवून टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी करायच्या. काका म्हणाले, ‘महिनाअखेरीला तीन ठिकाणचे तीन आकडे येतात. मग आम्ही दोघं रात्री नऊपर्यंत बसतो.’

मी काय केलं, ते आयटीवाल्याला सांगताना अगदी साधं वाटतं. एक्सेलचा एक नीट साचा बनवला. त्यात पार्टीचं नाव, माल आणि जीएसटीचा दर यादीतूनच निवडता येईल असं केलं, आणि त्यातून टॅलीला घेता येईल अशी एक्सएमएल फाइल काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. नऊ दिवस लागले. त्यातले चार दिवस फक्त पार्ट्यांची नावं सारखी करण्यात गेले, कारण एकच गिऱ्हाईक रजिस्टरमध्ये चार नावांनी होतं. बावीस हजार रुपये मिळाले. काकांना ओळी अजूनही टाइप कराव्या लागत, पण एकदाच. त्या महिनाअखेरीला ते सात वाजता घरी गेले. कामाचा खरा उपयोग कोणाला होतो हे इतक्या जवळून मला नोकरीत बारा वर्षांत दिसलं नव्हतं.

त्या गाळ्याची वाट मला दाखवली आमच्या सोसायटीतल्या एका सीएंनी. नव्या माणसाला हे कोणी सांगत नाही. छोट्या धंद्यात काय अडलंय याची बित्तंबातमी तीन प्रकारच्या लोकांकडे असते: सीए, टॅलीचे डीलर आणि कॉम्प्युटरचं एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं काम, करणारे. मालक आपली डोकेदुखी आधी त्यांच्यापाशी बोलतात. ती दूर करणं त्यांच्या कामात बसत नाही, पण गिऱ्हाईक खूश राहावं असं त्यांना वाटतंच. अशा पाच-सहा जणांना प्रत्यक्ष जाऊन भेटा, तुमचं ते एक वाक्य सांगा, नंबर द्या. सीएंकडे जायचं तर रिटर्नच्या शेवटच्या तारखा टाळून जा. जुलैअखेर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. एपीएमसीत भाजीपाल्याचा बाजार मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत चालतो, त्यामुळे पेढीवर बोलायचं असेल तर दुपार गाठा. वागळे इस्टेटमध्ये ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन आहे, रबाळ्याला ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन. उद्योजकांच्या अशा संघटनांच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. तिथे चहाच्या वेळी होणारं बोलणं दहा अर्जांपेक्षा उपयोगी पडतं.

तिसरा दरवाजा स्टाफिंग कंपन्यांचा, म्हणजे थर्ड पार्टी पेरोल: काम क्लायंटकडे, पैसे मधल्या कंपनीकडून. महिन्याचा ठरलेला आकडा लागणाऱ्यांसाठी हा बरा मार्ग आहे. होकार देण्याआधी तीन गोष्टी विचारा. क्लायंट आणि मी यांच्यामध्ये किती व्हेंडर आहेत? पैसे कोण देणार आणि बिल दिल्यापासून किती दिवसांत? क्लायंटने पैसे दिले नाहीत तरी मला मिळतील का? मध्ये तीन व्हेंडर असले की प्रत्येक जण आपला वाटा काढतो आणि उशीरही तिप्पट होतो. तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर उठा.

परदेशी प्लॅटफॉर्मवरचं काम हा चौथा दरवाजा. उघडा ठेवा, पण पहिलं काम मिळायला बरेच आठवडे लागतात, स्पर्धा साऱ्या जगाशी असते, आणि मंदीत रेट खाली येतात. अमेरिकन क्लायंट डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म मागतो, करासाठी तुम्ही अमेरिकेबाहेरचे आहात हे सांगणारा; तो भरून द्या. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचा बँकेचा दाखला जपून ठेवा.

रेट कसा काढायचा

इथे नवे लोक सर्वाधिक फसतात. महिन्याला हातात सत्तर हजार यायचे, त्याला बावीसने भागलं, दिवसाचे तीन हजार दोनशे निघाले आणि तोच रेट सांगितला. असं करू नका. खरा हिशेब असा करा.

हातात वर्षाला ८,४०,००० हवेत. आता कंपनी जे देत होती ते तुम्ही स्वतः भरणार: मेडिक्लेम ३०,०००, पीएफऐवजीची बचत १,००,०००, लॅपटॉपची झीज २५,०००, नेट आणि वीज २४,०००, सीए १५,०००, व्यवसाय कर २,५००. किरकोळ धरून दोन लाख. म्हणजे १०,४०,०००. वर्षाच्या ३६५ दिवसांतून शनिवार-रविवार, सण आणि आजारपण वजा केलं की साधारण २४० दिवस उरतात. त्या सगळ्या दिवसांचं बिल होत नाही. काम शोधणं, कोटेशन देणं, वसुलीसाठी फोन करणं यात दिवस जातात, आणि दोन कामांमध्ये खंडही पडतो. चांगल्या काळात मी १६० दिवस धरते, मंदीत १३०. दहा लाख चाळीस हजार भागिले १३०, म्हणजे दिवसाला ८,०००. तीन हजार दोनशे आणि आठ हजार यांच्यातलं अंतर म्हणजे तुमच्या घराची सुरक्षितता आहे.

हा आकडा प्रत्येक वेळी मिळणार नाही. रबाळ्याच्या कामात मला दिवसाला अडीच हजारसुद्धा पडले नाहीत, आणि पहिलं काम म्हणून मी ते समजून उमजून घेतलं. पण आपण किती सोडतो आहोत हे माहीत असलं पाहिजे. रेट कमी करायची वेळ आली तर कामही कमी करा: ‘या पैशांत रिपोर्ट होईल, मोबाइलवरची सोय पुढच्या टप्प्यात.’ तेवढंच काम कमी पैशांत दिलंत, तर पुढच्या वेळी तुमचा भाव तिथूनच सुरू होतो. छोट्या मालकाला दिवसाचा रेट सांगू नका, पूर्ण कामाचा आकडा सांगा. त्याला दिवस मोजायचे नसतात, काम झालेलं हवं असतं. मोठ्या कंपनीत मात्र दिवसाचा किंवा महिन्याचाच रेट चालतो.

कागद

वकिली भाषेची गरज नाही. एक पान पुरतं, पण ते काम सुरू करण्यापूर्वी हवं. काय करणार, काय करणार नाही, कधी देणार, किती पैसे आणि कोणत्या टप्प्याला, काम झाल्यावर किती दिवस मोफत दुरुस्ती. ‘काय करणार नाही’ ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. मी लिहिते: जुन्या नोंदींची दुरुस्ती यात धरलेली नाही, कॉम्प्युटर किंवा प्रिंटरचं काम धरलेलं नाही, दोनपेक्षा जास्त वेळा साचा बदलल्यास वेगळे पैसे. हे ई-मेलने पाठवा आणि ‘मान्य आहे’ असं उत्तर मागवा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १०ए नुसार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार केवळ तसा झाला म्हणून अमान्य ठरत नाही.

ऍडव्हान्स घ्या. मी चाळीस टक्के घेते, पाच-सहा दिवसांच्या कामाला पन्नास. नव्या माणसाला मागायला संकोच वाटतो. पण आपल्याकडे सुतार, रंगारी, मंडपवाला सगळे ऍडव्हान्स घेतात आणि कोणाला त्यात गैर वाटत नाही. ऍडव्हान्स देताना फार खळखळ करणारा शेवटचा हप्ता देताना त्याहून जास्त करतो, हे मी अनेकदा पाहिलं.

आणखी एक गोष्ट, जी आयटीतल्या लोकांनाही सहसा माहीत नसते. नोकरीत लिहिलेला कोड कंपनीचा असतो. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे काँट्रॅक्टवर स्वतंत्रपणे लिहिलेल्या कोडचा पहिला मालक सर्वसाधारणपणे लिहिणारा असतो. हक्क द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात. म्हणून कागदावर लिहा: ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर या कोडचे हक्क क्लायंटकडे जातील.’ मुदत आणि प्रदेश लिहिला नसेल तर कायदा पाच वर्षं आणि भारतापुरतेच हक्क दिले असं धरतो, त्यामुळे मोठा क्लायंट या दोन गोष्टी घालायला सांगेल. घाला. फक्त ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर’ हे शब्द काढू देऊ नका.

आणि कोणाच्याही चालू सिस्टिमला हात लावण्याआधी बॅकअप घ्या, तो परत लावून पाहा, मगच सुरू करा. त्या वेळी कोणाची तरी तीन वर्षांची उधारीची यादी तुमच्या हातात असते.

नोंदणी आणि कर

पॅन, वेगळं बँक खातं आणि उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारकडे नोंद), एवढ्यावर सुरुवात होते. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधारवरून होते आणि ती पूर्णपणे मोफत आहे. शोधताना पैसे मागणाऱ्या खाजगी वेबसाइट आधी दिसतात, त्या टाळा. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यावसायिकाला व्यवसाय कराचं नोंदणी प्रमाणपत्र (पीटीईसी) घेऊन वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात.

वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सेवेसाठी जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. काही मोठ्या कंपन्या मात्र नंबराशिवाय व्हेंडर म्हणून घेत नाहीत. नोंदणी केलीत तर १८ टक्के लावा, आणि तो पैसा आपला नाही हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. वेगळ्या खात्यात ठेवलेला बरा.

कंपनी तुमच्या बिलातून टीडीएस कापेल. व्यावसायिक सेवेला १० टक्के, तांत्रिक सेवेला २ टक्के. १ एप्रिल २०२५ पासून एका क्लायंटकडून वर्षाला ५०,००० च्या पुढे गेल्यावर तो लागतो. तुमचं बिल कोणत्या दरात बसवणार हे आधीच विचारून घ्या, कारण दहा टक्के पैसा रिटर्नचा परतावा येईपर्यंत अडकून राहतो. कापलेला टीडीएस आयकर पोर्टलवरच्या तुमच्या तपशिलात (ज्याला २६एएस म्हणत आलो तो) दिसतो का, दर तिमाहीला तपासा.

१९६१ च्या आयकर कायद्यात ४४एडीए म्हणून ओळखली जाणारी तरतूद आपल्यासारख्यांना फार सोयीची आहे. एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते आणि हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. मर्यादा ५० लाख, रोखीतली जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा सीएंशी बोलताना गोंधळू नका. वरच्या उदाहरणात १०,४०,००० जमा असेल तर उत्पन्न ५,२०,००० धरलं जाईल, आणि नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर मिळणाऱ्या सवलतीमुळे कर शून्य येईल. ज्या वर्षी नोकरी गेली त्या वर्षीचा पगार मात्र यात मिळवावा लागेल. कर निघत असेल तर या तरतुदीत आगाऊ कराची एकच तारीख आहे, १५ मार्च.

वसुली

काम मिळवण्याइतकंच लक्ष पैसे येण्यावर द्या. मंदीत प्रत्येक जण आपलं देणं लांबवतो, आणि रांगेत सगळ्यात शेवटी एकटा माणूस उभा असतो.

२०२१ मध्ये महाप्याच्या एका कंपनीकडे माझे ६८,००० रुपये सात महिने अडकले. काम चालू होतं, त्यांचे लोक ते रोज वापरत होते, आणि मला मात्र ‘साहेब बाहेर आहेत’ हेच उत्तर. त्या वर्षी मुलीची शाळेची फी मी भावाकडून उसने घेऊन भरली. मी काम घेतलं तेव्हा माझी उद्यम नोंदणी नव्हती, आणि नंतर केलेली नोंदणी आधीच्या कामाला बहुधा उपयोगी पडत नाही. शेवटी वीस हजार सोडून बाकीचे मिळाले. म्हणून पुन्हा सांगते: नोंदणी पहिल्या कामाआधी करा.

नोंदणी असेल तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा, २००६ तुमच्या पाठीशी आहे. लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीबाहेर थकवलं, तर खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात वजा करता येत नाही. मालकापेक्षा त्याच्या अकाउंटंटला हे पक्कं माहीत असतं. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा आणि खाली एक ओळ घाला: ‘एमएसएमईडी कायद्यानुसार ४५ दिवसांत देय.’ त्या ओळीनंतर माझी बरीचशी बिलं मार्चच्या आत निघायला लागली. एवढ्यावर भागलं नाही तर सरकारी पोर्टलवरून फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद पाहणाऱ्या सरकारी मंडळाकडे, तक्रार करता येते.

बिल काम झालं त्याच दिवशी पाठवा. सात दिवसांनी अकाउंटला फोन करून ‘बिल मिळालं का, काही कमी आहे का’ एवढंच विचारा. पीओ (परचेस ऑर्डर) नंबर नाही, बँकेचा तपशील नाही अशा कारणांनी बिलं कोपऱ्यात पडून राहतात आणि कोणी स्वतःहून कळवत नाही. मुदत संपली की मालकाशी बोला, नम्रपणे पण आकडा आणि तारीख सांगून. त्यानंतरही हललं नाही तर पुढचं काम थांबवा आणि ते लेखी कळवा.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. काम देण्याआधी कोणी नोंदणी फी, लॅपटॉपचं डिपॉझिट किंवा ट्रेनिंगचे पैसे मागितले तर तो चोर आहे. टेलिग्रामवर मुलाखत घेऊन लगेच ऑफर देणारा, तोही. चाचणी म्हणून आठवडाभराचं पूर्ण मोड्यूल फुकट लिहून मागणाऱ्याला दोन तासांचं काम करून द्या, पुढे रेट सांगा. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम थांबवणं अवघड.

पहिलं काम संपल्यावर

दोन पानांची नोंद लिहून द्या: काय बनवलं, कुठे आहे, बंद पडलं तर आधी काय बघायचं. मराठीत लिहा, रोज वापरणाऱ्याला कळेल अशी. मग वहीत तीन महिन्यांनंतरची तारीख टाका आणि त्या दिवशी स्वतःहून फोन करा, काम मागायला नाही, चाललंय ना ते विचारायला. रबाळ्याला मी असा फोन केला तेव्हा काकांनी उचलला. साचा नीट चालला होता, पण मार्च संपत आला होता आणि नव्या आर्थिक वर्षाचे चलान नंबर एकपासून सुरू करायचे होते. मी दुसऱ्या दिवशी जाऊन अर्ध्या तासात करून दिलं. निघताना शेठनी शेजारच्या गाळ्यातून एकांना बोलावून आणलं. त्यांच्या टेबलावरही तसंच रजिस्टर होतं, आणि त्यावर तशीच पट्टी.